शाळेचा सांगावा



दर गुरुवारी छावणीचा बाजार भरतो. पडेगाव, मिटमिटा, भावसिंगपुरा, पलीकडे दौलताबादच्या अंगाची माणसं त्या दिवशी इकडे येतात. कुणी शेळी-बोकड घेऊन, कुणी भाजीच्या पाट्या घेऊन, कुणी नुसतंच मीठ-मिरची न्यायला. लोखंडी पुलावरून शहरातलीही माणसं येतात. या बाजारात बातमीला पाय फुटतात. कुणाकडे सोयरीक जमली, कुठल्या शिवारात पाऊस पडला, म्हशीचा भाव किती चढला, हे सगळं दिवेलागणीपर्यंत दहा गावांना ठाऊक होतं. त्यासाठी कुणी नोटीस काढीत नाही की शिक्का मारीत नाही. पण याच बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या बापाला विचारा, ‘तुमचा सातवीतला मुलगा पुढच्या महिन्यात शाळेत काय शिकणार आहे? चाचणी कधी आहे? कुठला फॉर्म भरायचा आहे?’ तो हसतो आणि म्हणतो, ‘ते मास्तरला ठावं.’ मास्तरांना विचारा. ते म्हणतात, ‘पालक शाळेत फिरकतच नाहीत हो.’

आज आपण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी बोलू. मुख्यतः सहावी, सातवी आणि आठवी या तीन वर्षांविषयी. कायद्याच्या भाषेत यांना उच्च प्राथमिक वर्ग म्हणतात.

हीच तीन वर्षं का निवडली, असं आपण विचाराल. पहिलीतलं मूल आई हाताला धरून नेते. फाटकाशी बाई भेटतात, दोन शब्द होतात. दप्तरात पाणी सांडलं इथपासून अक्षर सुधारलं इथपर्यंत सगळं त्या दोन शब्दांत मावतं. दहावीचं वर्ष आलं की अख्खं घर जागं होतं, चुलत्या-मावश्याही चौकशी करतात. मधली वर्षं मात्र अशीच जातात. मूल आता एकटं शाळेत जातं. कैकदा शाळाच बदललेली असते. गावात पाचवीपर्यंतच वर्ग असतात, पुढची शाळा दोन-चार किलोमीटरवर. एका बाईंच्या जागी आता पाच-सहा शिक्षक येतात. गणिताचे वेगळे, विज्ञानाचे वेगळे, इंग्रजीचे वेगळे. कुणाला विचारावं हेच आईबापांना उमगत नाही. आणि मूलही बारा-तेरा वर्षांचं झालेलं असतं. बापाने शाळेत येऊ नये असं त्यालाच वाटू लागतं.

मग शाळेचा निरोप घरी न्यायचा कुणी? त्याच मुलाने. म्हणजे टपाल नेणारा माणूस असा, की जो पत्र आधी स्वतः वाचतो आणि त्याला सोयीचं असेल तेवढंच पोचवतो. सहलीचे पैसे भरायचे आहेत हा निरोप वाऱ्यासारखा घरी येतो. गणिताची चाचणी आहे हा निरोप वाटेत कुठेतरी बसून राहतो. यात मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या वयात आपणही हेच केलं असतं. दोष असलाच तर एवढाच, की दोन जाणत्या माणसांमधला सगळा व्यवहार आपण तेरा वर्षांच्या पोरावर सोपवला.

आता शिक्षक बंधुभगिनींना थोडं सांगायचं आहे, पण पालकांनीही ते कानावर घालून घ्यावं. पालकांना माहिती देणं ही गुरुजींची मेहेरबानी नाही. ती कायद्याने त्यांच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्यं सांगितली आहेत. वेळेवर हजर राहणं, अभ्यासक्रम पुरा करणं, ही त्यात आहेतच. त्यांच्याच पंक्तीला आणखी एक आहे: पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत, शिकण्यात झालेली प्रगती व त्याच्याविषयीची इतर उपयुक्त माहिती त्यांना देणं. ‘नियमित’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला बोलावून पुढच्या खुर्च्या पाहुण्यांना आणि मागच्या सतरंज्या पालकांना देणं म्हणजे नियमित सभा नव्हे.

याच कायद्याने सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यातले तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, दुर्बल आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असं कायदा सांगतो. आपल्या राज्यात समितीचा अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिवाचं काम पाहतात. शाळेच्या पुढच्या कामांचा आराखडाही याच समितीने करायचा आहे. म्हणजे शाळेत काय होणार हे पालकांना ‘कळवायचं’ आहे एवढंच नाही, तर ठरवायला बसायचंही आहे. प्रत्यक्षात काय घडतं ते आपण सारे जाणतो. ठरावाचं पुस्तक शिपायाबरोबर घरोघर हिंडतं आणि चूल फुंकणारी आई ओल्या हाताचा अंगठा त्यावर उठवते. ठराव काय, तिला ठाऊक नसतं. या अंगठ्याला मी समितीची सभा म्हणायला तयार नाही.

एवढी घासाघीस कशाकरिता? निरोप न पोचल्याने बिघडतं काय? ऐका.

छावणीजवळच्याच एका वस्तीतली बाई. चार घरची धुणीभांडी करते. मुलगी आठवीत, गणितात तल्लख. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती नावाची एक परीक्षा आठवीच्या मुलांसाठी असते. आपल्याकडे शिक्षक तिला ‘एन.एम.एम.एस.’ म्हणतात. उत्तीर्ण होऊन निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षं, दरसाल बारा हजार रुपये मुलाच्या बँकेच्या खात्यात जमा होतात. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. घराचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं, आणि त्यासाठी तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला लागतो. या बाईला निरोप मिळाला तो फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना. शाळेत सूचना लागली होती. मुलीने वाचलीही होती. पण दाखला आणायचा म्हणजे आईचा एक दिवसाचा खाडा, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आठवडाभर गप्प राहिली. शेवटी मैत्रिणीने सांगितलं तेव्हा आईने दोन दिवसांत धावपळ केली, पण दाखला काही दोन दिवसांत हाती येत नाही. परीक्षा गेली. आठवीची परीक्षा; ती पुन्हा नववीत देता येत नाही.

या गोष्टीत खोटं कुणी बोललं नाही, कामचुकारपणा कुणी केला नाही. सूचना फळ्यावर होती. तरीसुद्धा अठ्ठेचाळीस हजार रुपये त्या घराच्या उंबऱ्यावरून परत गेले.

आणि गंमत अशी, की हा निरोप आठवीत देऊन भागतच नाही. या परीक्षेला बसायला सातवीत किमान पंचावन्न टक्के गुण पडलेले असावे लागतात; अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना पन्नास. म्हणजे सांगावा सातवीच्या जूनमध्येच जायला हवा, की बाबांनो, यंदाचे गुण पुढच्या वर्षी कामाला येणार आहेत, उत्पन्नाचा दाखला कसा मिळतो ते आत्ताच विचारून ठेवा, मुलाचं खातं उघडा. आणखी एक तपशील. ही सवलत सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आहे. विनाअनुदानित शाळेतल्यांना नाही. मुलाला सातवीतून उचलून ‘इंग्लिश शाळेत’ घालण्याच्या विचारात असलेल्या बापाला हे आधी कळलेलं बरं.

नियम बदलत असतात, हीसुद्धा एक अडचण. जुन्या माणसांना चौथीची आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा आठवते. २०१६-१७ पासून ती पाचवीत आणि आठवीत गेली. २०२५ साली सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय घेतला. आता सांगा, रानात राबणाऱ्या माणसाने हे कुठून समजून घ्यायचं? तसंच नापासाचं. ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे वाक्य अजून गावोगाव ऐकू येतं. २०१० साली ते खरं होतं. पुढे २०१९ साली केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवीला व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला पुन्हा एक संधी मिळते. तीतही तो कमी पडला तर त्याच वर्गात राहतो. हे बापाला मे महिन्यात निकालाच्या दिवशी कळलं तर तो मुलाला मारतो. जूनमध्ये कळलं तर तो निदान विचारतो, ‘काय करावं लागंल?’

मुलींच्या बाबतीत तर निरोपाचं मोल आणखी जास्त. सातवी झाली, गावातली शाळा संपली, पुढची शाळा लांब. ‘कशाला पाठवायची, भाड्याला पैसा कुठला?’ असं म्हणून किती मुली घरी बसतात! पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ही योजना आहे. ज्या घरी हे माहीत नाही, त्या घरी ती योजना नसल्यातच जमा. बाईंनी सातवीच्या वर्गातल्या आयांना मार्चमध्येच एकत्र बसवून हे सांगावं. त्याच बैठकीत मुलींच्या पाळीविषयी, शाळेतल्या स्वच्छतागृहाविषयी मोकळेपणाने बोलावं. पुरुष मंडळी समोर नसली की हे बोलणं अर्ध्या तासात होतं. मुलगी महिन्याचे चार दिवस शाळेला का येत नाही, याचं उत्तर हजेरीच्या वहीत सापडत नाही.

आता थोडं शिकण्याविषयी. फॉर्म, तारखा, पैसे हे सांगणं सोपं. पण ‘पुढच्या महिन्यात वर्गात काय शिकवणार’ हे पालकांना कशाला, त्यांना त्यातलं काय कळणार, असं पुष्कळ शिक्षकांना वाटतं. मला हे पटत नाही. सहावीच्या गणिताच्या पुस्तकात नफा-तोट्याचा धडा आहे, शेकडेवारीचा आहे, बँक आणि सरळव्याजाचा आहे. छावणीच्या बाजारात शेळ्या विकणाऱ्या माणसाला नफा-तोटा कळत नाही, असं म्हणण्याची हिंमत कुणाची आहे? त्याला धडा कधी आहे हे ठाऊक नाही, एवढंच. समजा बाईंनी आधीच्या आठवड्यात निरोप धाडला: ‘येत्या सोमवारपासून नफा-तोटा शिकणार आहोत. मुलाला या गुरुवारी बाजारात सोबत न्या आणि तुमचा हिशेब त्याच्यादेखत करा.’ बाप सांगेल: शेळी सहा हजाराला घेतली होती. टेम्पोचं भाडं दोनशे. बाजारची पावती आणि चारापाणी मिळून पन्नास. आज साडेसहा हजाराला गेली. पोरगं पटकन म्हणेल, ‘पाचशे फायदा!’ बाप हसून म्हणेल, ‘भाडं तुझ्या मामाने भरलं का?’ फायदा अडीचशेच. आणि घातलेले पैसे सव्वासहा हजार, म्हणजे शेकडा चार. खरेदीवर झालेला वरचा खर्च खरेदीच्या किमतीत धरायचा, ही त्या धड्यातली मुलांना हमखास चकवणारी गोष्ट आहे. बाई फळ्यावर ती तीनदा समजावतात. बाप एका वाक्यात समजावतो.

सगळे धडे असे बाजारात भेटत नाहीत, हे खरं. सातवीतल्या बीजगणिताच्या राशी बापाच्या ओळखीच्या नसतात, इंग्रजीचा धडा आईला वाचता येत नाही. पण पाण्याचा धडा आहे, मातीचा आहे, पिकांचा आहे, आपल्या इतिहासाचा आहे. आजोबांनी पाहिलेलं किंवा आपल्या बापाकडून ऐकलेलं निजामाचं राज्य, १७ सप्टेंबर १९४८ चा तो दिवस, हे सांगणारी माणसं घराघरांतून कमी होत चालली आहेत. धडा येण्याच्या आधी घरात कळलं, तर कुणी तरी काही तरी सांगेल.

इतिहास निघालाच आहे तर जरा थांबतो. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठी बोलणाऱ्या बापाने मुलाला पुढे शिकायला घातलं, तर त्याच्या पुस्तकातलं अक्षरही बापाला ओळखू येत नसे. शाळा आणि घर यांच्यातलं हे अंतर आपल्या मराठवाड्यात जुनं आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात महाविद्यालय काढलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. छावणीपासून नागसेनवन काही लांब नाही. ज्यांना स्वतःला शाळेची पायरी चढता आली नव्हती, अशा आईबापांची मुलं तिथे शिकली. त्या आईबापांना अभ्यासक्रम ठाऊक नव्हता, पण पोराने कशाला चाललंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, कारण कुणीतरी वस्तीत येऊन, ओट्यावर बसून ते त्यांना सांगितलेलं होतं.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम केलं, त्यातही मला हीच गोष्ट दिसते. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. शाळाच पाड्यावर नेली, गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. आणि ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली ती नुसती शिक्षकांसाठी नव्हे. आईबापांनाही त्या तिच्यातून समजावीत असत.

तेव्हा शिक्षकहो, निरोप कसा द्यावा याचा थोडा विचार करू. पहिली गोष्ट भाषेची. आपल्या शाळांच्या सूचना अशा असतात: ‘सर्व संबंधित पालकांना सूचित करण्यात येते की, पात्र विद्यार्थ्यांची आवेदनपत्रे आवश्यक कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करावीत.’ हे मराठी कुणाच्या घरात बोलतात? छावणीसारख्या ठिकाणी तर एकाच वर्गात मराठी, दखनी, हिंदी बोलणारी घरं शेजारी शेजारी असतात. त्याऐवजी असं लिहा: ‘तुमची मुलगी आठवीत आहे. तिला वर्षाला बारा हजार रुपये मिळवून देणारी एक परीक्षा आहे. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो मिळायला वेळ जातो, म्हणून या सोमवारीच सेतू केंद्रात अर्ज द्या. काही अडलं तर शाळेत या. मधल्या सुट्टीत मी वर्गातच असते.’ शेवटचं वाक्य विसरू नका. कुठे, कधी आणि कुणाला भेटायचं हे ज्या निरोपात नाही, तो निरोप अर्धाच.

दुसरी गोष्ट साधनांची. आता हातोहाती फोन आले आहेत आणि वर्गावर्गांचे व्हॉट्सॲपचे गट आहेत. सोय चांगली आहे. मात्र ‘गटावर टाकलं’ म्हणजे ‘सांगितलं’ असा समज करून घेऊ नये. घरात एकच फोन असतो, तो बापाबरोबर कामावर जातो. आई घरी, मूल घरी, आणि निरोप वाळूजच्या कारखान्यात. रिचार्ज संपला की तोही नाही. शिवाय सकाळच्या सुविचारांच्या आणि फुलांच्या चित्रांखाली चाचणीची तारीख गाडली जाते ती वेगळीच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजातला निरोप धाडावा. बाईंचा आवाज ओळखीचा असतो, तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो, शेजारणीलाही ऐकवता येतो. आणि फोन असला तरी फळा सोडू नका. फक्त तो शाळेच्या आत नको. पिठाच्या गिरणीपाशी, दूध घालतात त्या डेअरीच्या भिंतीवर, बसथांब्यावर, जिथे माणूस दोन मिनिटं उभा राहतोच, तिथे लावा.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पडतं ते महिन्याचं एक पान. महिना सुरू होण्याआधी शुक्रवारी ते मुलाच्या हाती द्यावं. वर मोठ्या अक्षरांत तारखा: चाचणी, सुट्टी, तपासणीला डॉक्टर कधी येणार. खाली, कुठल्या विषयात काय शिकणार ते एकेका ओळीत. मग घरून काय लागेल: पाच प्रकारची बियाणं, एक जुनं वर्तमानपत्र, आजीला येणारी एखादी ओवी. एवढंच. पान छापलेलं हवं असंही नाही. आठवीच्या मुलांकडून सुंदर अक्षरात लिहवून घ्या. आणि मुलाने ते घरी मोठ्याने वाचून दाखवायचं, हा त्या दिवशीचा गृहपाठ. त्याचं वाचन होतं, आईला निरोप कळतो, आणि आपलं पोरगं वाचतं कसं हेही तिला ऐकायला मिळतं. ते अडखळलं तर तिला, निरक्षर असली तरी, कळतंच. दुसऱ्या दिवशी मुलाने खाली सही आणायची नाही, तर घरच्या माणसाचा एक प्रश्न आणायचा. सही मूलही करतं. प्रश्न मात्र बापालाच विचारावा लागतो.

प्रगतिपत्रकाविषयीही बोललं पाहिजे. त्यावर ‘ब-२’ असं लिहिलेलं असतं. बाप विचारतो, ‘पास का नापास?’ ब-२ म्हणजे शंभरात एकसष्ट ते सत्तरच्या मध्ये. क-१ म्हणजे एक्कावन्न ते साठ. हे पत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात असतं. पण त्याहून बापाला हवं असतं ते वेगळंच. मुलगा अपूर्णांकांचा भागाकार करू शकतो की नाही, इंग्रजीचा परिच्छेद वाचतो की पाठ म्हणतो, वर्गात प्रश्न विचारतो की मागे दडतो. प्रत्येक मुलाविषयी असं एक वाक्य बाईंनी तोंडी सांगावं. साठ मुलांचा वर्ग असेल तर हे जड जातं, मला कल्पना आहे. पण एका दिवशी सगळ्यांना बोलावण्याची सक्ती कुणी केली आहे? रोज शाळा सुटताना दोघांना बोलावलं, तर दीड महिन्याच्या आत साठ घरं होतात.

आणि पहिला निरोप चांगला असू द्या. आज शाळेतून बोलावणं आलं की आईच्या पोटात गोळा उठतो, कारण आजवर तिला बोलावलं ते काच फुटली तेव्हा किंवा मारामारी झाली तेव्हा. ‘तुमच्या मुलाने परवा विज्ञानाचा प्रयोग छान मांडला’ एवढं सांगायला तिला एकदा बोलवा. पुढच्या वेळी ती न बोलावता येईल.

पालकहो, आता तुमच्याकडे वळतो. मुलाला ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर जगभर एकच आहे: ‘काही नाही.’ त्याऐवजी विचारा, ‘उद्या काय आहे?’ ‘आज फळ्यावर शेवटी काय लिहिलं होतं?’ ‘वर्गात आज कोण आलं नव्हतं?’ वहीचं शेवटचं पान उघडून तारीख बघा. अक्षर येत नसलं तरी आकडा येतो. बाजार करणाऱ्याला तर येतोच. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची असेल, तर शाळेत जाऊन विचारण्याजोगं काहीतरी आहे. शाळेत जायला धुतलेलं धोतर किंवा नवं लुगडं लागत नाही. कामावरून परतताना, पाटी डोक्यावर असताना गेलात तरी चालतं. गुरुजी चिडले तर चोविसावं कलम आठवा, पण बोलू नका. आधी रामराम घाला. भांडायला गेलेल्या पालकाला माहिती मिळत नाही, एवढा अनुभव सगळ्यांना आहे.

सभेची वेळ मात्र दोघांनी मिळून ठरवावी. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुराला रोजगार बुडवण्याचं आमंत्रण. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा सभा घेतली तर रिकामी सतरंजी दिसणार, आणि वर्गातही मुली कमी दिसणार. कारण वेचणीला त्यांची लहान बोटं लागतात. हे दिवस दरसाल येतात, अचानक येत नाहीत. मग वर्षाचं नियोजन करतानाच चाचणी त्यांच्या आधी किंवा नंतर घेता येणार नाही का? शाळेने गावाला आपलं वेळापत्रक सांगावं, तसं गावानेही शाळेला आपलं सांगावं. पेरणी कधी, वेचणी कधी, जत्रा कधी, टोळी कधी निघणार.

टोळीचा शब्द मुद्दाम काढला. मराठवाड्यातून हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ सगळंच त्यांच्याविना जातं. बरोबर गेलेलं सातवीतलं पोर कोयता नाही तरी मोळी उचलतं, धाकट्यांना सांभाळतं. परत आल्यावर वर्गात ते मागे पडतं आणि पुढच्या दिवाळीला शाळेचं नाव काढीत नाही. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची सोय शिक्षण खात्याने केलेली आहे. मूल आजी-आजोबांजवळ किंवा नातलगाकडे राहतं, जेवण शाळेच्या व्यवस्थेत होतं आणि वर्ग बुडत नाही. मूल न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड बरोबर न्यावं. त्यावरून कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. पण यादी आधी करावी लागते आणि ती समितीला करावी लागते. मुकादम उचल देतो तो दिवाळीच्या कितीतरी आधी. म्हणजे कुणाचं घर जाणार हे गावाला पोळ्यापर्यंत कळलेलं असतं. शाळेला ते दिवाळीनंतर कळतं, बाक रिकामे झाल्यावर.

म्हणून ज्यांना यंदा जायचं आहे त्यांनी पोळा झाला की एकदा शाळेत जाऊन यावं. मूल मागे ठेवणार असाल तर ते कुणाजवळ राहणार त्याचं नाव आणि फोनचा नंबर हजेरीच्या वहीत लिहवून द्यावा. बरोबर नेणार असाल तर कुठल्या कारखान्याला जाणार ते सांगून कार्ड मागून घ्यावं. आणि गुरुजींनी तो नंबर घेतल्यावर नुसता वहीत ठेवू नये. महिन्याचं पान निघालं की त्या नंबरावरही ते वाचून दाखवावं. आई कर्नाटकात असो की पश्चिम महाराष्ट्रात, संध्याकाळी कोपीवर परतल्यावर ती ऐकेल.